गिअर जड पडतोय? ऑइल निवडण्याआधी हे वाचा

आमच्या ग्वाल्हेरच्या ग्राहकांसाठी

जानेवारीत सकाळी गाडी काढली की दुसरा गिअर पडता पडत नाही, आणि लष्करहून मुरारपर्यंत जाऊन आलं की तोच गिअर अलगद पडतो. अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा गिअरबॉक्समधलं ऑइल गरजेपेक्षा जाड आहे. थंड असो वा गरम, एकच गिअर अडत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवणारं कडं) झिजली असण्याचा संभव जास्त. आणि सगळेच गिअर जड पडत असतील, विशेषतः रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येत असेल, तर ऑइलचा डबा आणण्याआधी क्लच तपासा.

ही तपासणी घरीच होते. हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि सुरू असताना अडतात किंवा घासतात, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. केबल ढिली झालेली असते, हायड्रॉलिक क्लच असेल तर सिलिंडर गळत असतो किंवा लाइनमध्ये हवा शिरलेली असते. यावर कितीही महाग गिअर ऑइल चालणार नाही. इंजिन बंद असतानाही लिव्हर जड वाटत असेल तर गिअर केबल, तिचे बुश आणि लिव्हरचा सांधा पाहावा लागतो.

गिअर टाकताना आत काय होतं ते कळलं की ऑइलची निवड सोपी होते. गिअर आणि शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. मधली सिंक्रो रिंग, जी बहुतेक गाड्यांत पितळेची असते, गिअरच्या शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने दोघांचा वेग जुळवते. वेग जुळल्यावरच दाते एकमेकांत बसतात. म्हणजे या ऑइलने दात्यांना निसरडं ठेवायचं, पण रिंगला पकडही राहू द्यायची. ऑइल फार जाड असेल तर रिंग आणि शंकूमधून ते वेळेत बाजूला सरत नाही. फार निसरडं असेल तर रिंग नुसती घसरत राहते. दोन्हींत तुमच्या हाताला जडपणाच जाणवतो.

इथेच जीएल-४ आणि जीएल-५ चा, म्हणजे डब्यावर लिहिलेल्या गिअर ऑइलच्या प्रतींचा, घोळ होतो. पाच मोठा आकडा, म्हणून ऑइल अधिक चांगलं, अशी समजूत दुकानांतही ऐकू येते. ती चुकीची आहे. जीएल-५ हे जीप, पिकअप अशा मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांच्या डिफरेन्शियलसाठी (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच), तिथल्या हायपॉइड म्हणजे तिरक्या, वळणदार दात्यांसाठी बनतं. ते दाते एकमेकांवर दाबाखाली घासत सरकतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट असतात. हीच रसायनं सिंक्रो रिंगची पकड कमी करतात आणि काही ऑइलमध्ये, तापल्यावर, पितळ खातात. आजच्या बऱ्याच जीएल-५ ऑइलमध्ये पितळेचा त्रास कमी केलेला आहे. पकडीचा प्रश्न उरतोच. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या मोटारीत डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत असतं, पण त्याचे दाते सहसा हायपॉइड नसतात, म्हणून तिथे जीएल-४ पुरतं. उलट चूकही करू नका: मागच्या हायपॉइड डिफरेन्शियलमध्ये जीएल-४ भरलं तर दाते झिजून जातात.

आता जाडी. बाजारात 'नव्वद नंबर' मागितलं की मिळतं ते शंभर अंशाला साडेतेरा ते साडेअठरा सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) जाडीचं ऑइल. १४० नंबर म्हणजे २४ ते साडेबत्तीस, तर ८० नंबर ११ च्या आत. ७५डब्ल्यू-९० मधला पहिला आकडा थंडीतला वाहतेपणा सांगतो. ७५डब्ल्यूची चाचणी उणे ४० अंशाला होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. इथे पारा तेवढा कधीच उतरत नाही. तरी हिवाळ्यात चार-पाच अंशांच्या सकाळी ७५डब्ल्यू-९० ऑइल साध्या ९० नंबरपेक्षा बरंच पातळ असतं, आणि मे महिन्यात गिअरबॉक्स तापला की दोघांची जाडी जवळपास सारखीच होते. म्हणून हँडबुकात ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० लिहिलं असेल तर उन्हाळ्याच्या धास्तीने १४० नंबर भरू नका. उन्हाळ्यात आवाज थोडा कमी वाटेल, पण गिअर वर्षभर अडेल.

काही गाड्यांना कंपनीचं वेगळं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं खास ऑइल) लागतं, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), काही जुन्या गाड्यांत इंजिन ऑइलच सांगितलेलं आहे. याबाबतीत हँडबुकचाच शब्द अखेरचा माना.

ऑइल बदलताना गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा आणि सपाट जागी, घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) चारही बाजूंनी समान उचला. आधी भरण्याचा प्लग सोडवा, मग खालचा. भरण्याचा प्लग गंजून बसलेला निघाला आणि खालून ऑइल आधीच सांडलेलं असेल, तर गाडी जागेवरच अडकते. ऑइल पंधरा मिनिटं निथळू द्या. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावरची करडी, लोण्यासारखी पेस्ट नेहमीची आहे, ती पुसून टाका. सोनेरी चकाकी दिसली तर पितळेची रिंग झिजतेय. बोटाला टोचणारे लोखंडी तुकडे म्हणजे दाते किंवा बेअरिंग तुटतंय, आणि मग पेटी उघडावीच लागते. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. पावसात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेली असेल तर हे हमखास पाहा.

प्लगचा वॉशर नवा घाला. छोट्या मोटारीला साधारण दोन ते अडीच लीटर लागतं, पण माप लीटरने नाही, पातळीने घ्या. भरण्याचं भोक बाजूला असेल, आणि बहुतेक गाड्यांत ते असतंच, तर ऑइल त्याच्या कडेला येऊन थेंब पडू लागला की थांबा. जास्त भरलं तर फेस होतो आणि ऑइल ब्रीदर (पेटीतली हवा बाहेर सोडणारं भोक) किंवा सीलमधून बाहेर पडतं. ते क्लच प्लेटवर गेलं तर क्लचचाच खर्च अंगावर येतो.

आधी जीएल-५ भरलेलं होतं असं कळलं तर जीएल-४ भरून काही शे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला, कारण निथळल्यावरही थोडं जुनं ऑइल आत राहतंच. 'गिअर मऊ करणारी' बाटली मिसळू नका. त्यातलं घर्षण कमी करणारं रसायन रिंगची पकडच घालवतं.

जुनं ऑइल नालीत ओतू नका. ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. बंद डब्यात आमच्याकडे आणा, सोबत हँडबुक आणि आधी भरलेल्या ऑइलचा रिकामा डबा असेल तर उत्तम. डब्यावरच्या अक्षरांवरून अर्धं निदान तिथेच होतं.