व्हेक्टर मिळाले, इंटरप्ट काहून येत नाही? : लिनक्स ड्रायव्हरमधली दोन वेगळी कामं

दारव्हा-दिग्रस भागातली इंजिनिअरिंगची पोट्टी सुट्टीत गावी आली की त्यांच्यापैकी एखादा हमखास विचारतो, "दादा, पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स तर पास झालं, मग इंटरप्ट काहून येत नाही?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: रिक्वेस्ट_आयआरक्यू राहिलं. इंटरप्ट म्हणजे डिव्हाइसने सीपीयूला मारलेली हाक, व्हेक्टर म्हणजे ती हाक पोचायची वाट, आणि हँडलर म्हणजे हाक आली की चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन.

कृषीपंपाची डिमांड भरली, मीटर लागलं, तारा शेतापर्यंत आल्या, तरी मोटार जोडल्याशिवाय पऱ्हाटीला पाणी मिळत नाही. पहिलं फंक्शन तारा आणतं, दुसरं मोटार जोडतं.

पहिल्याला चार गोष्टी सांगायच्या: डिव्हाइस कोणतं, कमीत कमी किती व्हेक्टर हवेत, जास्तीत जास्त किती, आणि कोणत्या प्रकारचे चालतील. सगळे प्रकार चालतात म्हटलं, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी एमएसआय-एक्स बघतो, मग एमएसआय (दोन्हींत इंटरप्ट संदेशाच्या रूपात येतो), शेवटी अनेक डिव्हाइस मिळून वापरतात ती जुनी सामायिक लाइन. एमएसआयमध्ये जास्तीत जास्त 32 व्हेक्टर, तेही दोनाच्या घातात. एमएसआय-एक्समध्ये 2048 पर्यंत. हे हिशेब ड्रायव्हरवाल्याला करावे लागत नाहीत. जेवढे मिळाले तेवढा आकडा परत येतो. किमान संख्याही जमली नाही तर ऋण एरर.

या परत येणाऱ्या आकड्यातच खरी गंमत आहे. जुन्या पीसीआय_एनेबल_एमएसआयएक्समध्ये शून्य म्हणजे यश, आणि धन आकडा म्हणजे "एवढे देता येतील, पण अजून दिले नाहीत". म्हणजे धन आकडा आला तरी हाती काहीच नाही! मग ज्याने-त्याने आपापल्या ड्रायव्हरमध्ये पुन्हा मागण्याचा लूप लिहायचा. 2014 मध्ये 3.14 कर्नलमध्ये किमान-कमाल घेणारी फंक्शनं आली, आणि 2016 मध्ये 4.8 मध्ये कर्नल डेव्हलपर ख्रिस्टोफ हेलविग यांनी तिन्ही प्रकार पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स या एका दाराशी आणले. माझ्या मते किमान-कमालची ही जोडी हीच या इंटरफेसची सगळ्यात शहाणी गोष्ट. एनव्हीएमई एसएसडीसारख्या, प्रत्येक सीपीयूला वेगळी रांग हवी असणाऱ्या डिव्हाइसला तर अॅफिनिटीचा फ्लॅग देऊन व्हेक्टर सीपीयूंवर वाटूनही घेता येतात.

मधला एक धागा मात्र पोट्टे विसरतात. मिळालेले व्हेक्टर 0, 1, 2 असे मोजायचे, पण हे लिनक्सचे आयआरक्यू नंबर, म्हणजे कर्नल ज्यांनी इंटरप्ट ओळखतो ते नंबर, नव्हेत. पीसीआय_आयआरक्यू_व्हेक्टर या फंक्शनला क्रमांक द्या, ते खरा नंबर देतं. तोच रिक्वेस्ट_आयआरक्यूला द्यायचा. थेट 0 दिलात तर साध्या पीसीवर तो टायमरचा नंबर, म्हणजे तुम्ही टायमरच्या दारात उभे.

रिक्वेस्ट_आयआरक्यूचं काम सरळ: या नंबरवर हा हँडलर लावा. तिथे दिलेलं नाव प्रॉक-इंटरप्ट्स या कर्नलच्या इंटरप्ट-यादीत दिसतं. जुन्या लाइनवर शेअर्डचा फ्लॅग हवा, आणि इंटरप्ट आपल्या डिव्हाइसचा नसेल तर हँडलरने "माझा नाही" असं सांगून मोकळं व्हायचं. हँडलर लावल्या क्षणी बोलावला जाऊ शकतो, म्हणून त्याला लागणारा डेटा आधीच तयार ठेवा.

उतरवताना उलटा क्रम: आधी प्रत्येक नंबरवर फ्री_आयआरक्यू, मग पीसीआय_फ्री_आयआरक्यू_व्हेक्टर्स. हँडलर लागलेला असताना व्हेक्टर सोडले तर कर्नल बोंब मारतो. आणि फ्री करताना डेव्ह_आयडी, म्हणजे हँडलरची ओळख पटवणारा पॉइंटर, तोच द्या, जो लावताना दिला होता.