विनियोजन विधेयके रोखली की सारा सरकारी खर्च थांबतो का?

विनियोजन विधेयके (सरकारच्या वार्षिक खर्चाला मंजुरी देणारी विधेयके) नामंजूर केली की संघराज्य सरकारचा सारा खर्च थांबेल, अशा समजुतीने अमेरिकेतील अनेक मतदार आपल्या सिनेटरला पत्रे लिहितात. ही समजूत चुकीची आहे. काँग्रेस (अमेरिकेची संसद) दरवर्षी ज्या 12 विनियोजन विधेयकांवर मतदान करते, त्यांच्या कक्षेत 2023 च्या आर्थिक वर्षातील सुमारे 6.1 लाख कोटी डॉलरच्या खर्चापैकी जेमतेम 1.7 लाख कोटी येत होते, आणि त्यातलाही जवळपास निम्मा वाटा संरक्षणाचा होता. सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतनाची योजना), मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आणि सरकारी कर्जावरील व्याज यांचा खर्च कायमस्वरूपी कायद्यांनुसार होतो. त्यामुळे शटडाऊनच्या, म्हणजे ही विधेयके मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज अंशतः बंद पडण्याच्या, काळातही वृद्धांना निवृत्तिवेतन मिळत राहते, लाखो सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार मात्र अडकतात. पत्रोत्तरात सिनेटरने हे स्पष्टपणे सांगायलाच हवे.