तांबडी पेशी कुणाला धरून वाढते?

माझी पुतणी मिरजेत डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करते, परवा विचारत होती की काका, तांबड्या पेशीचं केंद्रक 'बाहेर टाकलं जातं' एवढंच पुस्तकात लिहिलंय, पण टाकल्यावर ते जातं कुठं? प्रश्न बारका वाटतो पण त्याचं मूळ पार १९५८ पर्यंत जातं.

त्या साली फ्रान्सच्या मार्सेल बेसिस यांनी दाखवलं की बोन मॅरोत, म्हणजे हाडातल्या मगजात, कच्च्या तांबड्या पेशी सुट्या वाढत नाहीत, मधी एक मोठी मॅक्रोफेज पेशी (कचरा गिळून साफ करणारी) असती आणि तिला चिकटून भोवतीनं ही पोरं. नाव पडलं एरिथ्रोब्लास्टिक आयलंड, म्हणजे बेट. तासगावचा माणूस मात्र बघितल्या बघितल्या द्राक्षाचा घड म्हणेल. आधी हे कुणाच्या फारसं लक्षात का आलं नाही, तर मॅरोचा स्मिअर, म्हणजे पातळ थर, स्लाईडवर ओढला की घड फुटतो, मणी सगळीकडं पांगतात, मग कोण कुणाला धरून होतं ते कळणार कसं?

केंद्रकाचं म्हणाल तर पेशी ते ढकलून देते आणि मधली मॅक्रोफेज ते गिळून टाकते. आपल्या अंगात सेकंदाला साधारण २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात, म्हणजे तेवढीच केंद्रकं संपवायची! २००१ मध्ये जपानी संशोधकांनी गिळलेल्या केंद्रकातला डीएनए पचवणारं एन्झाइम ज्यांच्यात तयारच होत नाही असे उंदीर केले, तर पिल्लं पोटातच अॅनिमियानं मेली.

पण चिकटवतं कोण? याला १९९४ उजाडलं. अमेरिकेत मनजीत हंसपाल आणि सहकाऱ्यांनी पेशींच्या पडद्यावरचं एक प्रोटीन शोधलं, एरिथ्रोब्लास्ट मॅक्रोफेज प्रोटीन, शॉर्टमध्ये एम्प. मॅक्रोफेजला चिकटून वाढवलेल्या पेशी जास्त वाढत होत्या आणि केंद्रक टाकण्यापर्यंत पिकत होत्या. म्हणजे हा नुसता डिंक नाही. २००६ मध्ये एम्पचं जीनच काढलेले उंदीर केले, ते जन्माच्या आसपासच मेले, जबर अॅनिमिया, आणि पेशींची केंद्रकं आतच अडकलेली. (चिकटवणारं हे एकटंच नाही, व्हीकॅम-१ आणि इंटिग्रिनची जोडीपण आहे, पण ते परत कधीतरी.)

एम्पच्या जीनचं नाव एमएईए, ते इंग्रजीत लिहिलेलं बघून पुतणी सरळ 'माया' वाचते, आणि खरं सांगू का, मलापण तेच बरं वाटतं. कारण हे प्रोटीन दोन्हीकडं असतं, मॅक्रोफेजवर आणि कच्च्या तांबड्या पेशीवरपण, मग लागतं नक्की कुणाचं? २०१९ मध्ये पूर्ण वाढ झालेल्या उंदरांवर हेच तपासलं, एकदा ते जीन फक्त मॅक्रोफेजमधनं काढलं आणि एकदा फक्त तांबड्या पेशींमधनं. पोरांची माया काढली तरी घड टिकला, मधलीची काढली तेव्हा मणीगळ झाली.