वनक्षेत्रातील रेल्वे पर्यटनाची व्यवहार्यता

दाट जंगलाच्या, विरळ वस्तीच्या मुलखात पर्यटकांसाठी रेल्वे चालवणे शक्य आहे का आणि परवडेल का, याची पूर्वतपासणी. तिकिटांतून खर्च निघेल का, हा तिच्यातला सोपा प्रश्न. रूळ मुळात कोणासाठी टाकले आणि आज त्यांवरून आणखी काय धावते, हा अवघड.

नागपूरला हे नीट दिसते. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातले २ फूट ६ इंचांचे नॅरोगेज मार्ग येथून छिंदवाड्याकडे आणि उमरेडवरून नागभीडकडे जात. रुंदीकरणासाठी पहिला २०१५ मध्ये, दुसरा २०१९ मध्ये बंद झाला. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूने रमतगमत जाणारी नागभीडची गाडी पर्यटकाला आवडली असती. रोज नागपूर गाठणाऱ्याला मात्र वेळेत पोचवणारी गाडी हवी होती, आणि त्यात त्याचे काही चुकत नव्हते. जुनी इंजिने आता मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात आहेत.

वन्यजीवांचा प्रश्न याहून कठीण. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात गोंदिया-बल्लारशा मार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली दगावले. दिवसाउजेडी सावकाश जाणारी गाडी त्या मानाने निरुपद्रवी. पण सफारीचे गेट पहाटे उघडते. त्या वेळेला पर्यटक पोचवायचा तर गाडी रात्री जंगलातून न्यावी लागते, म्हणजे नेमकी जनावरे फिरत असतात तेव्हा. त्यात ताडोब्याचा कोअर, म्हणजे गाभ्याचा, भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो, म्हणजे वर्षातले तीन महिने डबे उभेच.

नवे रूळ टाकणे त्याहून दूरची गोष्ट. व्याघ्र प्रकल्पातली जमीन अशा कामाला वळवायची तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता लागते. अकोला-खंडवा मीटरगेजच्या रुंदीकरणात मेळघाटातला जुना मार्ग सोडून नवा मार्ग बाहेरून नेण्याचे ठरले, ते व्याघ्र प्रकल्पातून रूळ न्यायचे का, या वादातूनच. असा सुटलेला जुना तुकडा पर्यटनाला वापरता येईल, असे वाटणे साहजिक आहे. इंदूरजवळच्या पाताळपाणी-कालाकुंड घाटात २०१८ पासून मीटरगेज वारसा गाडी धावतेही; पण तो घाट आहे, व्याघ्र प्रकल्पाचा गाभा नव्हे.

विदर्भात प्रत्यक्ष जमणारी सोय साधी आहे: दिवसा रेल्वेने चंद्रपूर किंवा नागभीड, तिथे मुक्काम आणि पहाटे जिप्सीने गेट.