गॅरीला परतीची वाट होती, सॅमला नव्हती

ब्रिटिश मालिकांच्या गप्पा निघाल्या की ‘ती नाही का, माणूस एकदम जुन्या काळात जातो ती’ असं कुणीतरी म्हणतं, आणि ऐकणारा भलत्याच मालिकेबद्दल बोलू लागतो. घोळ होतो तो ‘गुडनाइट स्वीटहार्ट’ आणि ‘लाइफ ऑन मार्स’ या दोघींचा. दोन्ही बीबीसी वनच्या. दोन्हींची नावं जुन्या गाण्यांवरून घेतलेली, पहिलीचं १९३१च्या आणि दुसरीचं डेव्हिड बॉवीच्या १९७१च्या. दोन्हींत आजचा एक माणूस मागच्या काळात जाऊन पडतो आणि तिथल्या एका बाईत गुंततो. एवढं सारखं असल्यावर गल्लत होणारच. पण दोन्ही नीट पाहिल्या की कळतं, त्या एकमेकींच्या अगदी उलट गोष्टी सांगतात.

‘गुडनाइट स्वीटहार्ट’ ही विनोदी मालिका. लॉरेन्स मार्क्स आणि मॉरिस ग्रॅन या जोडीची ही कल्पना. १९९३ ते १९९९ या काळात तिचे ५८ भाग झाले. गॅरी स्पॅरो लंडनमध्ये टीव्ही दुरुस्त करतो, घरी बायको आहे, इव्हॉन. एके दिवशी ईस्ट एंडमध्ये दुरुस्तीचं घर शोधताना तो रस्ता चुकतो, डकेट्स पॅसेज नावाच्या एका बोळात शिरतो आणि पलीकडे निघतो तो थेट १९४०मध्ये. वर जर्मन विमानं, रस्त्यावर ब्लॅकआउट. तो ‘रॉयल ओक’ नावाच्या पबमध्ये शिरतो. काउंटरमागे फीबी उभी असते, पबमालकाची मुलगी. तिचा नवरा लढाईवर गेलेला.

इथे ना यंत्र आहे, ना शास्त्रज्ञ, ना बटणं. आहे तो फक्त एक बोळ, आणि तोही सहसा गॅरी सोडून कुणाला उघडत नाही. शिवाय दोन्हीकडची घड्याळं बरोबरीने चालतात: इकडे एक दिवस गेला की तिकडेही एक दिवस जातो. मालिका सहा वर्षं चालली आणि पलीकडचं महायुद्धही तेवढ्याच वर्षांत संपत गेलं. ही बांधणी मला फार आवडते. पाहणाऱ्याला युद्ध कधी संपणार हे ठाऊक असतं, गॅरीला ठाऊक असतं, आणि फीबीला मात्र प्रत्येक रात्र काढावी लागते.

लेखकांची बारकाईची नजर पैशांच्या प्रसंगांत दिसते. नव्वदच्या दशकातली नाणी १९४०मध्ये कोण घेणार? ब्रिटनमध्ये दशमान नाणी आली १९७१ साली. त्याआधी बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया मोजलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागणार नाही. मग गॅरीचा मित्र रॉन, जो छपाईच्या धंद्यात आहे, त्याला त्या काळची पाच पौंडांची नोट छापून देतो. पांढरा मोठा कागद, एकाच बाजूला काळ्या शाईची छपाई, मागची बाजू कोरी. त्या नोटांवर गॅरी पलीकडे श्रीमंत ठरतो. पियानोवर बीटल्सची गाणी स्वतःची म्हणून वाजवतो तेव्हा थोर संगीतकार ठरतो. आठ-आठ दिवस गायब झाला की ‘सरकारचं गुप्त काम’ असं सांगून देशभक्तही ठरतो. इकडे, स्वतःच्या काळात, तो एक साधा, बायकोच्या मागे पडत चाललेला माणूस आहे. पलीकडे त्याला किंमत आहे, आणि ती सगळी खोट्यावर उभी आहे.

‘लाइफ ऑन मार्स’ २००६ आणि २००७ या दोन वर्षांत आली, एकूण १६ भाग, तासातासाचे. ही पोलिसी मालिका. मँचेस्टरचा अधिकारी सॅम टायलर गाडीखाली येतो आणि डोळे उघडतो ते १९७३मध्ये. तिथे त्याचा साहेब जीन हंट, आधी हात उगारणारा आणि मग विचारणारा. सॅमला कळत नाही की आपण वेडे झालोय, कोमात आहोत की खरंच मागे आलोय. टीव्हीवर कार्यक्रम नसताना दिसणाऱ्या चित्रातली मुलगी पडद्यातून त्याच्याशी बोलते, फोनमधून दवाखान्यातले आवाज येतात. गॅरीला असा प्रश्नच पडत नाही. बोळ खरा, पब खरा, फीबी खरी.

आणि मुख्य फरक इथेच आहे. सॅमला परत जायचंय, पण वाट नाही. गॅरीला वाट आहे, रोज आहे, आणि म्हणूनच त्याची प्रत्येक फेरी ही त्याची स्वतःची निवड ठरते. सॅमवर वनवास ओढवला. गॅरीने मात्र स्वतःच्या पायांनी चालत जाऊन दोन दगडांवर पाय ठेवले. पुढे फीबी विधवा होते, तो तिच्याशी लग्न करतो, मायकल नावाचा मुलगा होतो. म्हणजे दोन काळांत दोन बायका, आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नाही. हसवता हसवता मालिका हे विसरू देत नाही की इव्हॉनशी तो रोज खोटं बोलतोय. विनोदी मालिकेकडून एवढं धाडस मला आजही मोठं वाटतं. गॅरीचं काम करणाऱ्या निकोलस लिंडहर्स्टच्या पडेल, ओशाळ्या चेहऱ्यामुळेच आपण गॅरीला सोडून देत नाही.

आणखी एक गोंधळ दूर करते. जुने भाग मागेपुढे पाहिले तर वाटतं, ही वेगळीच बाई कोण? पहिल्या तीन पर्वांत इव्हॉन मिशेल होम्सची आणि फीबी डर्व्हला कर्वनची. चौथ्यापासून एमा एमॉस आणि एलिझाबेथ कार्लिंग. दोन्ही बायका एकदम बदलल्या, गॅरी तोच राहिला. मला पहिली फीबी जास्त जवळची वाटते, तिच्यात युद्धाचा थकवा दिसतो.

शेवटही उलटे आहेत. सॅम २००६मध्ये परततो, तिथे त्याला काहीच जाणवेनासं होतं, आणि तो छतावरून उडी मारून १९७३ निवडतो. गॅरीच्या हातून निवडच काढून घेतली जाते. १९४५मध्ये तो क्लेमंट ॲटली यांचा, म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या नेत्याचा, जीव वाचवतो आणि बोळ बंद होतो. तेव्हा तो घराच्या भिंतीवर निरोप लिहितो. त्यावर भिंतीचा कागद चढतो, आणि ती अक्षरं वाट पाहत राहतात, इव्हॉन १९९९मध्ये तो कागद निघालेला पाहीपर्यंत.