इंजिन माउंटिंग : आरंभीच्या मोटारगाड्यांतील

इंजिन मोटारीच्या सांगाड्यावर (चासीवर) बसवण्याची व्यवस्था. इंजिनाचे वजन पेलणे, ते जागेवरून हलू न देणे आणि त्याची थरथर गाडीत पोहोचू न देणे, ही तिची कामे. यांपैकी तिसऱ्या कामाकडे सुरुवातीची कित्येक वर्षे फारसे लक्ष गेले नाही, कारण पहिल्या दोहोंनीच कारखानदारांना हैराण केले होते.

तेव्हाची चासी लवचीक असे. खडबडीत रस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेले की ती पिळवटे. इंजिन चार कोपऱ्यांवर घट्ट बोल्टांनी आवळलेले असले, तर हा पीळ थेट क्रँककेसवर (इंजिनाच्या तळाच्या पेटीवर) येई. क्रँककेस बहुधा ओतीव ॲल्युमिनियमची असल्याने तिच्या बाजूच्या भुजांना तडे जात. गिअरबॉक्स वेगळी बसवलेली असल्यास इंजिनाचा आणि तिचा असे दोन्ही शाफ्ट (फिरते दांडे) एका रेषेत राहत नसत, म्हणून मध्ये चामड्याचा किंवा कापडी चकत्यांचा लवचीक सांधा घालावा लागे.

यावरचा उपाय म्हणजे तीन बिंदूंवरची मांडणी. तीन पायांची तिवई कोणत्याही जमिनीवर डगमगत नाही, तसे तीन ठिकाणी टेकलेले इंजिन चासी पिळली तरी स्वतः पिळले जात नाही. १९०८ सालच्या फोर्ड मॉडेल टी मध्ये पुढच्या आडव्या पट्टीवर एक फिरता आधार आणि मागे दोन्ही बाजूंना पोलादी भुजा होत्या. या भुजांपाशी चासीच्या पन्हळीत लाकडी ठोकळे बसवलेले असत. बोल्ट सैल पडले की भुजेला तडा जाई, तेव्हा ते वेळोवेळी आवळणे हा देखभालीचा महत्त्वाचा भाग होता.

थरथरीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, तरी हिशेब पूर्ण जुळत नाही. फेऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागात पिस्टनचा वेग जास्त असतो, त्यामुळे क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दर फेऱ्याला दोन उभे हादरे उरतात. मिनिटाला २,००० फेरे असताना ते ४,००० होतात. शिवाय प्रत्येक स्फोटासरशी अख्खे इंजिन बाजूला कलू पाहते. नुसत्या रबरी चकत्या घालून हे भागण्यासारखे नव्हते. इंजिन नेमके कोणत्या अक्षाभोवती डुलू द्यायचे, हे ठरवणे जास्त मोलाचे होते.

१९३१ च्या प्लिमथ पीए गाडीत क्रायस्लर कंपनीने ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाने हेच साधले. पुढचा आधार उंच, मागचा गिअरबॉक्सखाली सखल, आणि दोहोंना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जाणारी. दोन्हीकडे धातूला जोडलेले रबर होते. डुलणे हाताबाहेर जाऊ नये म्हणून बाजूला पात्याची स्प्रिंग होती. आरंभीच्या काळातला हा सर्वांत विचारपूर्वक उपाय मानायला हवा. फ्रान्समधील सित्रोएनने १९३२ मध्ये परवान्याने तो स्वीकारला आणि अशा गाड्यांवर पोहणाऱ्या हंसाचे चिन्ह लावले.

डुलणाऱ्या इंजिनाबरोबर भोवतीची मांडणीही बदलावी लागली. धुराडे, पेट्रोलची नळी, क्लच आणि ॲक्सिलरेटरची जोडणी या सर्वांत थोडी लवचीकता ठेवणे भाग पडले. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारेची अर्थिंग पट्टी आली. ती तुटली किंवा गंजली, तर स्टार्टरचा जबर प्रवाह क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळून जाते.