अँटेलोपची मतं: ओरेगनमधल्या एका गावाच्या वादाची पार्श्वभूमी

ओरेगन राज्यातल्या वास्को काउंटीतलं अँटेलोप हे गाव १८६०च्या दशकात, सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या घोडागाड्यांच्या वाटेवर वसलं. १९८०पर्यंत तिथे चाळीसच्या आसपास माणसं उरली होती, त्यांत निवृत्तांचा भरणा मोठा. अशा गावात मतदानाचा कल पक्षावरून ठरत नाही. कर वाढू नयेत आणि बाहेरच्यांनी आपल्या कारभारात लुडबूड करू नये, एवढंच तिथलं राजकारण होतं.

१९८१च्या उन्हाळ्यात रजनीश (ओशो) यांच्या पुण्याच्या आश्रमातल्या मंडळींनी गावापासून काही मैलांवरचं, ६४ हजार एकरांहून मोठं कुरण विकत घेतलं. कोरेगाव पार्कातली त्याआधीची सात वर्षं मराठी वाचकांना ठाऊक आहेत, ती पुन्हा सांगत नाही. ओरेगनचा जमीन वापराचा कायदा मात्र सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. शेतजमिनीवर शहरी व्यवहार होऊ नयेत म्हणून राज्याने १९७३ साली कडक नियम केले होते. कुरणावर छापखाना किंवा कचेऱ्या उभारायला आडकाठी आली, तेव्हा नगरपालिकेचा दर्जा असलेल्या, जवळच्या अँटेलोपमध्ये घरं आणि मोकळे भूखंड खरेदी होऊ लागले. घरांमागोमाग मतदारही आले.

एप्रिल १९८२मध्ये जुन्या गावकऱ्यांनी नगरपालिकाच बरखास्त करायचा ठराव मतदानाला टाकला. गाव हातचं जाण्यापेक्षा नगरपालिका नसलेली बरी, असा त्यामागचा विचार. बरखास्तीच्या बाजूने ४२ मतं पडली, विरोधात ५५. नव्याने राहायला आलेल्यांनी ठराव पाडला होता. त्याच नोव्हेंबरात नगर परिषदेत त्यांचं बहुमत झालं आणि सप्टेंबर १९८४मध्ये गावाचं नावही बदलून ‘रजनीश’ झालं. यातली प्रत्येक पायरी मतपेटीतूनच चढली गेली, हे विसरता येत नाही. पण आपल्याच गावात अल्पसंख्य झालेल्या म्हाताऱ्यांना त्याचं काय समाधान?

खरा वाद १९८४च्या शरद ऋतूतला. काउंटीच्या तीन सदस्यांच्या मंडळातल्या दोन जागांची निवडणूक नोव्हेंबरात होती. त्याआधी देशभरातल्या शहरांतून हजारो बेघर माणसांना बसमधून कुरणावर आणलं गेलं. कारण दयेचं सांगितलं गेलं, पण काउंटीची लोकसंख्या वीस हजारांच्या घरात असताना हे आकडे काय करू शकतात ते सर्वांना दिसत होतं. मतदार होण्यासाठी दीर्घ वास्तव्याची अट घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच ठरवलेलं होतं. ओरेगनमध्ये तर मतदानाच्या दिवसापर्यंत नाव नोंदवता येत होतं.

ऑक्टोबरात काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी नव्या नोंदणीचे सगळेच अर्ज रोखले. प्रत्येक नव्या मतदाराने सुनावणीला प्रत्यक्ष हजर राहून आपण इथले असल्याचं दाखवावं, असा हुकूम निघाला. कुरणाशी काडीचा संबंध नसलेल्या, काउंटीत नव्याने आलेल्या साध्या माणसांनाही तो लागू होता. न्यायालयाने तो थांबवला नाही. आश्रमाने निवडणुकीतून अंग काढून घेतलं आणि आणलेल्या बेघरांना आजूबाजूच्या शहरांत सोडून दिलं. या प्रकरणात सर्वांत कमी आठवण काढली जाते ती याच माणसांची.

या हुकुमाचं समर्थन करताना आज विषबाधेचा दाखला हमखास दिला जातो. आश्रमातल्या काही जणांनी काउंटीतल्या उपाहारगृहांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला हे जिवाणू मिसळून ७५१ जणांना आजारी पाडलं, तेही मतदारांनी घरीच राहावं या बेताची तालीम म्हणून. पण हुकूम निघाला तेव्हा लोकांत संशय असला तरी हे सिद्ध झालेलं नव्हतं. तपास लागला तो १९८५मध्ये. अधिकाऱ्यांसमोर होत्या त्या फक्त बसगाड्या आणि अर्जांचे गठ्ठे. माझ्या मते हुकूम त्या परिस्थितीत टाळता येण्यासारखा नव्हता. तरीही एका गटाला अडवण्यासाठी सरसकट सगळ्यांचा हक्क टांगणीला लावला गेला, हा त्यातला दोष नंतरच्या पुराव्याने धुऊन निघत नाही.

नोव्हेंबर १९८५मध्ये, वसाहत मोडत असताना, गावाने ३४ विरुद्ध ० मतांनी अँटेलोप हे नाव परत घेतलं. १९८६ साली राज्यभराच्या मतदानाने घटनादुरुस्ती झाली आणि नोंदणी मतदानाआधी किमान २० दिवस झालेली असावी असं ठरलं. २०१६पासून ओरेगनमध्ये वाहन परवान्याच्या नोंदींवरून मतदार नोंदणी आपोआप होते, पण १९८६ची ही मुदतीची अट कायम आहे. वास्को काउंटीने २००८ साली डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला, २०१६ साली रिपब्लिकन. अँटेलोपची वस्ती २०२०च्या जनगणनेत ३७ भरली.